यादीची पोथी वाचणारे जिभाऊ

आमच्या गल्लीतली बत्तीस घरं मी एका दुपारीत सुरतेतून कायमची काढून टाकली. पोलीस लागले नाहीत, बुलडोझर लागला नाही. माझा उजवा अंगठा लागला. त्या अंगठ्याला तेव्हा शेवग्याच्या शेंगांच्या आमटीचा वास येत होता, कारण मी नुकतीच जेवून उठले होते आणि डोळा लागायच्या आत हे काम उरकावं असा माझा बेत होता. बत्तिसावं घर माझंच होतं.

आता मला नातवंडं आहेत, गुडघेदुखी आहे, त्यामुळे मी शहाणी आहे असं घरातले धरून चालतात. मी कशाला त्यांचा समज मोडू? पण तेव्हाची मी, म्हणजे पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, केसांना मेंदी लावणारी, बचतगटाची सचिव, दहावी पास आणि दर तिसऱ्या वाक्याला ते सांगणारी, ती बाई आज माझ्या दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. फोन बाहेर ठेव आणि मग आत ये, एवढंच म्हणेन.

तिची गोष्ट सांगायची तर आधी जिभाऊंची सांगावी लागते. खानदेशात मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात. त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं, आणि ते सगळे मतदार यादी वाचणारे. म्हणजे जिभाऊ स्वतःच.

सुरतेच्या नवागामात आमच्या समोरच्या रांगेत, कोपऱ्यावर त्यांचं घर. चाळीस वर्षं त्यांनी कापडबाजारातल्या एका गोदामात ताके तपासले. ताका म्हणजे मागावरून उतरलेला कापडाचा लांबलचक गठ्ठा. तो उजेडाच्या काचेवरून सरकत जायचा आणि जिभाऊ भिंग लावून बघायचे, कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय, कुठे दोन धागे फणीच्या एकाच घरात शिरलेत. दोष दिसला की खडूची खूण. निवृत्त झाले तरी बोट सरळ ठेवायची सवय गेली नाही. जेवायला बसले की पोळीवरसुद्धा बोट फिरवायचे. आमच्या यांनी त्यांना एकदा विचारलं, "पोळीत काय सापडतं, जिभाऊ?" तर म्हणाले, "सापडत काहीच नई. पन नई सापडनं हाई बी बघनं पडस." काही सापडलं नाही हेसुद्धा बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

बायको गेल्यापासून ते एकटे राहायचे आणि ओटल्यावर बसायचे. ओटला म्हणजे दारापुढचा कट्टा. गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्यासमोरून जावंच लागायचं. जकातनाका म्हणायचो आम्ही.

त्यांचं पहिलं वेड म्हणजे फोनला फसवणं. मुलीनं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की आपण फोनकडे बघतो तसा फोनही आपल्याकडे बघतो. दुसरा कोणी घाबरला असता किंवा त्याला गंमत वाटली असती. जिभाऊंनी ठरवलं की बघणाऱ्याला सारखं काहीतरी भलतंच दाखवायचं. मग त्यांनी 'उंटाचं खोगीर' असं शोधलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना खोगिरांच्या जाहिराती, उंटाच्या औषधाच्या जाहिराती, कच्छच्या सहलींच्या जाहिराती. ओटल्यावर येईल त्याला दाखवायचे. "सध्या त्याले वाटस मी उंट पाळस. पुढला हप्तामा मी बाळंतीन व्हनार शे."

आणि झाले. डिंकाचे लाडू, बाळाची झबली, पाळण्याची दोरी, सगळं शोधलं. फोननं त्यांचं अभिनंदन केलं. सत्तरीच्या विधुराला बाळंतपणाबद्दल शुभेच्छा आल्या, आणि त्यांनी त्या फुटाणे वाटून साजऱ्या केल्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची मुलगी सांगत होती की तेराव्याच्या दिवशीसुद्धा त्यांच्या फोनवर निरोप आला, बाळ आता शाळेत जाऊ लागलं असेल.

मी तेव्हा यावर नाक मुरडायची. "जिभाऊ, जग कुठे चाललंय आणि तुम्ही उंटावर," असं मी म्हणायची. दहावी पास होते ना.

दुसरं वेड पोथीचं. दरवर्षी मतदार यादी नवी झाली की ते आमच्या भागाची छापील प्रत मिळवायचे, लाल फडक्यात बांधायचे आणि एका रविवारी ओटल्यावर पाट मांडून, हातपाय धुऊन ती मोठ्यानं वाचायला बसायचे. घर नंबर एक. नाव. थांबायचे. नाव असलेल्यानं किंवा त्याच्या घरच्यानं "ओ" द्यायची. ओ आली की बोट पुढे. नाही आली तर खडू. बायका निवडायला तांदूळ घेऊन यायच्या, पुरुष तंबाखू मळत बसायचे. मधेच एखादं वारलेल्या माणसाचं नाव आलं की जिभाऊ वर बघायचे, पुरे दोन श्वास थांबायचे आणि मग पुढे जायचे. एकदा एका सुनेचं नाव यादीत नव्हतं. ते सासऱ्याला म्हणाले, "भाकर हाईना हातनी खातस, मंग नाव का नई?" सासरा दुसऱ्याच दिवशी तिचा फॉर्म भरून आला.

मी त्यांना म्हटलं होतं, "जिभाऊ, हे सगळं मोबाइलवर आहे. नंबर टाकला की नाव येतं."

"मोबाइलमा शे, खरं शे, वैनी. पन मोबाइल ओ देत नई."

आता ती नळाची गंमत सांगते, म्हणजे माणूस कळेल.

उन्हाळ्याचे दिवस, गल्लीत तीन दिवस पाणी नाही. जो तो आपल्या फोनवरून ऐकलेलं कारण सांगत होता आणि दुसऱ्याला मूर्ख ठरवत होता. रविवारी सकाळी जिभाऊंनी अकरा जणांना ओटल्यावर बसवलं. मीही होते. म्हणाले, फोन उघडा. काही शोधू नका. तो स्वतःहून पहिल्यांदा जे दाखवेल ते मोठ्यानं वाचा. मी तीन म्हणालो की सगळ्यांनी एकदम.

तीन म्हणाले. अकरा तोंडं उघडली. एकाच्या फोनमध्ये पाण्याला जुने पुढारी जबाबदार होते, दुसऱ्याच्या फोनमध्ये नवे. तिसऱ्यात बाहेरून आलेल्या लोकांमुळे पाणी संपलं होतं, आणि वाचणारा स्वतः साक्रीहून आलेला होता. चौथ्यात पाणी भरपूर होतं, फित कापतानाचा व्हिडिओच होता. पाचव्यात उभ्यानं पाणी प्यायल्यानं गुडघे जातात असं एक बुवा सांगत होता. माझ्यात आमच्या भागाच्या उमेदवाराचा हसरा फोटो आणि खाली 'ताई, तुमच्यासाठी'. मी तो जरा जास्तच मोठ्यानं वाचला.

मग जे व्हायचं ते झालं. अकरांत दोघे एकमेकांचे मेहुणे होते, ते आधी उठले, एकमेकांच्या फोनची आयमाय निघाली. अर्धा तास गल्ली पेटली होती. जिभाऊ शांत बसून फुटाणे खात होते. भांडण ओसरलं तेव्हा म्हणाले, "वीस मिनिटं नळ चालू व्हता. आत्ते बंद व्हयना."

खरंच. पाणी येऊन गेलं होतं. अकराजणांपैकी एकाच्याही घरात हंडा भरलेला नव्हता. जिभाऊंच्या ओटल्याखाली दोन बादल्या काठोकाठ.

मी घरी गेले आणि म्हातारा चळलाय असं म्हणून मोकळी झाले. कारण तोपर्यंत मी त्या हसऱ्या फोटोतल्या उमेदवाराच्या कामाला लागलेली होते. उमेदवाराचं चिन्ह सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, पुढे ते तीन चिन्हांवर उभे राहिले. त्यांच्या ऑफिसानं गल्लोगल्ली एकेक बाई नेमली, प्रत्येकीला एक ॲप दिलं आणि गळ्यात अडकवायला ओळखपत्र. त्यावर माझा फोटो, खाली 'माहिती-ताई'. भाजी आणायला जातानाही मी ते काढायची नाही. जिभाऊ तेव्हापासून मला वैनीऐवजी ताईसाहेब म्हणायला लागले, आणि तो टोमणा आहे हे मला कळायला दीड महिना लागला.

काम सोपं होतं. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं टाकायची. घरात कुठली भाषा बोलता, काम काय, सुरतेत किती वर्षं, सणाला कुठे जाता, टीव्हीवर काय बघता. मताचं कोणी विचारत नव्हतं. सगळं भरलं की ॲप जरा विचार करायचं आणि घराला रंग द्यायचं. हिरवं म्हणजे आपलं. लाल म्हणजे त्यांचं. पिवळं म्हणजे सांगता येत नाही. रकाना रिकामा राहिला नाही की मला एक चांदणी मिळायची. चांदण्यांचं पुढे काय व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. चांदणी मिळतेय ना, बस. शाळेत मला कधी मिळाली नव्हती.

माझ्या स्वतःच्या घराची माहिती टाकली तर घर पिवळं झालं. मी चार वेळा टाकली. चारही वेळा पिवळं. घरात अहिराणी, सणाला अमळनेर, टीव्हीवर तीन भाषा, बाई कोणाचं ऐकेल याचा भरवसा नाही, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. मी रडवेली होऊन जिभाऊंना सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी मला चहा केला.

त्यांच्या घराला तर रंगच येईना. मी तीन वेळा प्रश्न घेऊन गेले. पहिल्यांदा ते म्हणाले घरात तेलुगू बोलतो. दुसऱ्यांदा म्हणाले दिवाळीला कोलकात्याला जातो. तिसऱ्यांदा व्यवसाय विचारला तर, "उंट." ॲपनं पांढऱ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह टाकून त्यांना सोडून दिलं.

आणि मग आली आखाजी.

देशावरचे लोक तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्याकडे ती लेकींची. लग्न झालेल्या मुली माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि आठ-पंधरा दिवस कोणाची सून नसतात. त्यातच शाळांना सुट्ट्या, गावाकडे लग्नं. मग पुरुषही खात्यातून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, रजा टाकून मागोमाग जातात. आखाजीच्या आधी पंधरवडा नवागामात आमची गल्ली म्हणजे कुलपांचं दुकान. सगळ्यांना हे माहीत आहे. कुत्र्यांना माहीत आहे. ती त्या दिवसांत शेजारच्या बिहारी लोकांच्या गल्लीत जेवायला जातात.

ॲपला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ऑफिसातून निरोप आला, सगळ्या घरांची सद्यस्थिती भरा, रकाना रिकामा नको. पर्याय तीन होते. राहतात. मयत. कायमचे गेले. मी कुलूप लावलेल्या घरासमोर उभी राहिले, घामानं निथळत, आणि तीन पर्याय पुन्हा पुन्हा वाचले. राहतात म्हणावं तर फोटो मागत होतं. मयत म्हणवेना. मग घरी आले, जेवले, आडवी झाले आणि गादीवर पडल्या पडल्या चाळीस घरं एकामागून एक 'कायमचे गेले' करून टाकली. चाळीस चांदण्या. आमचंही परवाचं तिकीट काढलेलं होतं, म्हणून प्रामाणिकपणा म्हणून आमचंही घर त्यातच टाकलं. पुढे यांना खात्यात रजा मिळाली नाही, आम्ही गेलोच नाही. पण मला स्वतःला परत आणायचं राहूनच गेलं.

दहा-बारा दिवसांनी जिभाऊ दारात उभे. हातात कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची मागची बाजू, तिच्यावर बारीक अक्षर. महापालिकेच्या शाळेबाहेर जो फळा असतो, ज्याच्यावर काय चिकटवलंय हे आजवर कोणी वाचलं नाही, तो जिभाऊ दर सोमवारी जाऊन वाचायचे. आत आले नाहीत, बसले नाहीत. पोथीच्या सुरात सुरू केलं.

"घर नंबर सात. सुनंदा आनि तिना नवरा. कायमना गयात." थांबले. गल्लीत कोणी नव्हतं. "घर नंबर नऊ. म्हातारी आनि तिना दोन पोऱ्या. कायमना गयात." थांबले. असं करत सगळी घरं. शेवटी माझं नाव वाचलं आणि थांबले.

मी "ओ" म्हटलं. काय करणार, सवय.

"बत्तीस घरंवर हरकत घेतेल शे," ते म्हणाले. "यादीमाईन नावं काढा म्हनतस. सुनावनी सुक्रवारले."

मला आधी काही कळेना. मग कळलं तशी मी पाटावर बसले. उमेदवाराच्या ऑफिसानं माझी माहिती उचलून अर्ज केले होते की ही माणसं इथे राहत नाहीत. घरांवर नोटिसाही लागल्या होत्या, आमच्याही. मी त्या रोज बघत होते. वीजबिलाच्या असतील म्हणून वाचल्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, नावं गेली तर काय बिघडलं, पुन्हा घालता येतात. आमच्या गल्लीला गटार मिळालं ते कशामुळे, तर एका निवडणुकीत कोणीतरी मोजलं की इथे दीडशे मतं आहेत. त्याआधी आम्ही अठरा वर्षं तिथेच राहत होतो, तेवढीच घाण काढत होतो. नावं नसलेल्या गल्लीत कोण येतं? आणि जी माणसं आधीच गावाच्या लेखी सुरतेची आणि सुरतेच्या लेखी गावाकडची, त्यांच्याकडे कागदावर दाखवायला ती एक ओळ होती.

जिभाऊ मला घेऊन ऑफिसात गेले. तिथे डेटाचं बघणारे एक साहेब होते, पांढरा शर्ट, दोन फोन. मी रडक्या आवाजात चूक सांगितली. साहेब गोड हसले. "मासी, आप चिंता मत करो. यह सिस्टम ने तय किया है."

जिभाऊंनी विचारलं, "ती कोठे बठस?"

"कौन?"

"सिस्टीम. माले भेटनं शे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओळखपत्राशी चाळा करत होते. जिभाऊंनी लग्नपत्रिका टेबलावर सरळ केली आणि बोट फिरवलं. "या बाईनी चाळीस घरं दाबीत. हरकत बत्तीसवर. आठ घरं कोठे गयात?"

मला हे सुचलंच नव्हतं. साहेब म्हणाले काहीतरी गाळलं गेलं असेल. जिभाऊ म्हणाले गाळलेलं सांगतो, आणि आठ नावं तोंडपाठ म्हणून दाखवली. ती आठही घरं हिरवी होती, हे जिभाऊंना माहीत असायचं कारण नव्हतं, पण मला होतं. तीही आखाजीला गेली होती, त्यांनाही मीच कायमची घालवली होती. पण सिस्टीमला ती परत येतील असं वाटलं होतं. पिवळी आणि लाल तेवढी गेली.

साहेबांचा आवाज आणखी गोड झाला. "मासी, आपका नाम हम ऑब्जेक्शन की लिस्ट से निकलवा देंगे. आप तो अपने हो. बाकी लोग तो वैसे भी वोट के टाइम गाँव में होते हैं."

खरं लिहायचं ठरवलंच आहे तर लिहिते. परतीच्या रिक्षात, डिंडोलीच्या पुलापर्यंत, मी मनात हिशेब करत होते की आपलं एकटीचं नाव सुटतंय, ओळखपत्रही राहतंय, तर वाईट काय आहे. पुलावर जिभाऊ म्हणाले, "ताईसाहेब, दोनच रस्ते. एक तर एकतीस घरं सुक्रवारना आत परत बलावा. नई तर जिनी लिखं, तिनी जाईसन सांगनं की खोटं लिखं."

मी पहिला रस्ता धरला. अर्थात. दुसऱ्यांनी आखाजी सोडून यायची होती, मला फक्त फोन करायचा होता. पहिला फोन सात नंबरच्या सुनंदाला. तिला तीन वर्षांनी माहेर मिळालं होतं. आधी बाळंतपण, मग सासूचं ऑपरेशन, मग नवऱ्याची रजा. ती इथे दिवसभर साड्यांना खडे चिकटवायची आणि माझ्याशी बोलताना मान वर करायची नाही, कारण मान वर केली की एक खडा चुकायचा. फोन तिनं उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका होता, दोरी करकरत होती, कोणीतरी तिला ओरडून सांगत होतं की तुझी पाळी आली, बस लवकर.

"बोला काकू," ती म्हणाली. धापा टाकत होती. तिचा तो आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता.

मी म्हणाले, "काही नाही गं. सहज केला. जा, झोका घे."

फोन ठेवला आणि समोर जिभाऊंच्या ओटल्यावर जाऊन सांगितलं, शुक्रवारी मी येते. ते म्हणाले, "दहा वाजता. गळामातलं ते काढीसन या."

सुनावणी शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे कानाशी घेऊन बसलेली. टेबलामागे एक बाई, बहुधा शिक्षिकाच, ड्युटी लागलेल्या. हरकत घेणाऱ्यांचा माणूस आलाच नव्हता. मी उभी राहून सांगितलं की ही माहिती माझी, ती चुकीची आहे, ही माणसं राहतात. बाईंनी माझं नाव विचारलं, यादीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"बेन, तमे तो जतां रह्यां छो."

म्हणजे मी तर निघून गेलेली होते. कायमची. गेलेल्या बाईचा जबाब कसा घ्यायचा, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता, आणि खरं सांगते, मला तो पटला. मी आधार कार्ड काढलं, त्यावर पत्ता अमळनेरचा. दहावीचा दाखला काढला. हो, मी तो नेला होता. बाईंनी तो बाजूला ठेवला.

तेव्हा जिभाऊ मागच्या बाकावरून उठले. "मॅडम, मी साक्षीदार. घर नंबर एकवीस. मना नाव कोठेच काढेल नई. हाई बाई मना समोर तीस वरीस ऱ्हास. रोज माले हसस."

बाईंनी त्यांचं नाव शोधलं. होतं. स्वच्छ, कसलीही खूण नाही. आख्ख्या रांगेत रंग न चढलेलं एकच घर, आणि त्याच्या साक्षीवर मी सुरतेत परत आले.

मग मला कोरा कागद दिला, हातानं लिहा म्हणाल्या. मी छान भाषेत लिहिलं की तांत्रिक अडचणीमुळे माहितीत त्रुटी राहिली. जिभाऊंनी भिंग काढून वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "डाग लपाडी ऱ्हायनात तुम्ही." मी दुसरा कागद घेतला. लिहिलं की मी कोणाला न विचारता, कुलपं बघून, घरात आडवी पडून, चांदणी मिळावी म्हणून ही माहिती भरली. बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शेजारच्या कारकुनाला वाचून दाखवलं. मग सही घेतली आणि बत्तीसही हरकती फेटाळल्या.

संध्याकाळपर्यंत माझं ॲप बंद झालं. कोणाकडून तरी कळलं की आमचं घर आता लाल झालंय. मला बरं वाटलं. कोणीतरी एकदाचं ठरवलं.

वाटलं, सुटले. पण जिभाऊ म्हणजे जिभाऊ. म्हणाले, लोक परतले की पोथी लावू, त्यात तुम्ही सांगा. मी म्हणाले, "नावं राहिली ना? मग कशाला सांगायचं? कोणाला कळलंसुद्धा नाही."

"कळनं नई म्हनीसनच सांगनं पडी," ते म्हणाले, आणि फुटाण्याची पुडी बांधून आत गेले.

जूनच्या पहिल्या रविवारी गल्ली भरलेली होती. उन्हानं काळवंडलेली तोंडं, पिशव्यांत पापड-कुरडया, पोरांच्या हातात गावाकडच्या कैऱ्या. जिभाऊ वाचत गेले, ओ येत गेली. माझ्या नावाशी थांबले आणि बोट तिथेच ठेवलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळं. आमटीसकट. कोणी हसलं. त्या दोन मेहुण्यांतला एक शिवी देऊन उठून गेला. नऊ नंबरच्या म्हातारीला समजायला वेळ लागला आणि समजल्यावर तिनं मला विचारलं, "मग मी आता राहते की नाही?"

सुनंदा माहेरच्या सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सगळे उठून गेले तरी ती बसून राहिली. मला वाटलं रागावली असेल, निदान त्या फोनबद्दल विचारेल. तिनं डब्यातली एक सांजोरी काढून माझ्या हातावर ठेवली, मान वर केली आणि म्हणाली,

"काकू, कायमचा जाणारा माणूस कुलूप काढून बरोबर घेऊन जातो. लावून जात नाही. एवढं तर तुम्हाला दारावरूनच दिसत होतं."